खाण बुजवल्यावर कोणते रान परत आणायचे?

बेंगळुरूच्या दक्षिणेला बनशंकरीचा सहावा टप्पा जिथे संपतो, तिथे तुरहळ्ळीचे रान सुरू होते. सुमारे सहाशे एकरांचा हा तुकडा. प्राचीन नीस खडकाचे प्रचंड धोंडे, त्यांच्या फटींतून वर आलेली काटेरी झुडपे आणि मधल्या उघड्या जागांत गुडघाभर गवत, एवढेच त्याचे वैभव. एप्रिलमध्ये पाहणाऱ्याला तो उजाड माळ वाटतो. २०२१ च्या आरंभी वनखात्याने येथे वृक्षउद्यानाचे काम हाती घेतले, तेव्हा परिसरातील रहिवासी आणि निसर्ग अभ्यासक विरोधात उभे राहिले व काम थांबले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्याला रिकामी जागा समजून झाडे लावायची आणि पायवाटा आखायच्या, ती जागा रिकामी नाही. झुडपे, गवत आणि खडक हेच त्या रानाचे पूर्ण वाढलेले रूप आहे.

ज्या देवीच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते ती बनशंकरी म्हणजे शाकंभरी, महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत. तिचे मूळ स्थान बदामीजवळ. पौषातील तिच्या नवरात्रात एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे. दुष्काळात तिने जगाला जगवले ते एका पिकाने नव्हे, नाना परींच्या शाकांनी, अशी कथा आहे. पुराणकथेला विज्ञानाची साक्ष म्हणून उभे करण्याचे कारण नाही. पण जमिनीवर हिरवे काही आहे का, एवढाच प्रश्न न विचारता ‘काय काय आहे’ हे मोजण्याची बुद्धी या प्रथेत आहे, आणि नेमकी तीच बुद्धी आपल्या खाणक्षेत्रांच्या पुनरुज्जीवनाच्या आराखड्यांत हरवलेली दिसते.

तुरहळ्ळीचा वाद मिटला, कारण त्या रानाच्या बाजूने बोलणारे एक महानगर शेजारी होते. तेथून सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेला, बल्लारी जिल्ह्यातील संडूरच्या डोंगरांना तसा शेजार लाभला नाही. मराठी वाचकाला संडूर परके नसावे. घोरपडे घराण्याचे हे छोटेसे संस्थान स्वातंत्र्यापर्यंत टिकून होते. येथील डोंगररांगा लोहखनिजाने आणि मँगनीजने भरलेल्या आहेत. त्यांच्या उतारांवर धावडा, सालई यांसारखे पानझडी वृक्ष, खडकाळ भागात झुडुपरान आणि माथ्यांवर गवताचे पट्टे असा वनस्पतींचा संमिश्र संसार आहे. दक्षिण भारताच्या खडकाळ टेकड्यांपुरताच आढळणारा पिवळ्या कंठाचा बुलबुल या भागात राहतो. त्याला घनदाट जंगल नको असते. त्याला झुडपे आणि उघडे खडक हवे असतात.

या डोंगरांवर या शतकाच्या पहिल्या दशकात काय घडले ते सर्वश्रुत आहे. कर्नाटकाच्या लोकायुक्तांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बल्लारीतील खाणकाम थांबवले आणि पुढच्या महिन्यात चित्रदुर्ग व तुमकूर या जिल्ह्यांनाही तो आदेश लागू केला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने खाणींची अ, ब आणि क अशी वर्गवारी मान्य झाली आणि काम पुन्हा सुरू करण्यासाठी प्रत्येक पट्ट्याला पुनरुज्जीवन व पुनर्वसनाचा आराखडा अनिवार्य ठरला. देहरादूनच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेने त्याचे निकष घालून दिले. २०१४ मध्ये या कामासाठी कर्नाटक मायनिंग एन्व्हायर्नमेंट रिस्टोरेशन कॉर्पोरेशन नावाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिच्याकडे खाणबाधित क्षेत्रासाठी हजारो कोटी रुपयांचा निधी आला. भारतातील दुसऱ्या कोणत्याही खाणपट्ट्यात इतका न्यायालयीन दट्ट्या आणि इतका पैसा एकत्र आलेला नाही. म्हणूनच प्रश्न विचारण्याची योग्य जागा हीच आहे: एवढा खर्च करून जे उभे राहील, ते कशाशी ताडून पाहायचे?

‘पूर्वी जे होते त्याच्याशी’, हे उत्तर ओठांवर येते. पण पूर्वी काय होते, हे कोणी मोजून ठेवले आहे?

बहुतेक ठिकाणी झाडे मोजलेली असतात. खाणीसाठी किती वृक्ष तोडावे लागतील याची गणना कायद्याने होतेच. २०२४ मध्ये संडूरजवळच्या देवदारी टेकडीवरील प्रस्तावित खाणीवरून वाद पेटला, तेव्हा वृत्तपत्रांत सर्वाधिक गाजलेला आकडा होता सुमारे ९९,००० वृक्षांचा. आकडा धक्कादायक आहे आणि विरोधकांनी त्याचा वापर केला यात गैर काही नाही. तथापि त्या आकड्याला एक उलट धार आहे. ज्याची किंमत झाडांच्या संख्येत सांगितली जाते, त्याची भरपाईही झाडांच्या संख्येत देता येते. एक लाख तोडली, पाच लाख लावली, हिशेब फिटला! गवत, कंद, वेली, दगडफूल, झुडपांच्या मुळांशी जगणारी बुरशी, यांतले काहीच या खतावणीत चढत नाही.

पर्यावरण मंजुरीच्या अटींत, विशेषतः कोळसा खाणींच्या बाबतीत, हेक्टरी २,५०० रोपे ही संख्या वारंवार भेटते. तिचा अर्थ सोपा आहे. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर; म्हणजे दर चार चौरस मीटरला एक रोप, दोन मीटरांवर दोन मीटरांची चौकट. दख्खनच्या कोरड्या उतारावर अशा अंतराने उभे असलेले नैसर्गिक रान शोधून सापडायचे नाही. ही फळबागेची किंवा लाकूड-लागवडीची आखणी आहे. ती वाईटच असते असे नाही, मात्र तिला ‘पुनरुज्जीवन’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

या कोड्याची थोडी अधिक प्रामाणिक उकल अमेरिकेच्या पश्चिम भागात झालेली दिसते, आणि तिच्यातला गुंताही तितकाच शिकवणारा आहे. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना, न्यू मेक्सिको या राज्यांच्या कोरड्या पठारांवर जुनिपर आणि पिन्यन पाइन यांची विरळ, बुटकी राने पसरली आहेत. आपल्याकडे जुनिपर लाहौल आणि लडाखच्या कोरड्या उतारांवर दिसतो. तेथील मठांत त्याची पाने धूप म्हणून जाळतात. अमेरिकेतील या रानांखाली काही ठिकाणी कोळसा आहे. तेथील संसदेने १९७७ मध्ये उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा केला आणि एक अट घातली: खाण संपल्यावर जमिनीवर त्या भागातल्या मूळ वनस्पतींचे, त्याच ऋतुमानाचे, वैविध्यपूर्ण आणि टिकाऊ आच्छादन उभे राहिले पाहिजे. ते राहिले की नाही हे ठरवण्यासाठी जवळच एक न खणलेला, माती-उतार-पाऊस यांनी समान असा भूभाग संदर्भस्थळ म्हणून राखून ठेवता येतो. त्याच्याशी तुलना करताना नवे आच्छादन किमान ९० टक्के भरले पाहिजे, आणि तेही संख्याशास्त्राच्या ९० टक्के विश्वासपातळीवर. ज्या भागात वर्षाला २६ इंच, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, तेथे कंपनीची जबाबदारी दहा वर्षे चालते. जास्त पावसाच्या प्रदेशात पाच वर्षे. तोपर्यंत तिची अनामत रक्कम पूर्णपणे मोकळी होत नाही. कोरड्या भूमीला सावरायला दुप्पट वेळ द्यावा, हे येथे कायद्यानेच ओळखले आहे. बल्लारी जिल्ह्याचा मोठा भाग या ६६० मिलिमीटरच्या रेषेच्या आसपासच आहे.

आता गुंता. संदर्भस्थळ म्हणून जुनिपरचे रान निवडले, तर ते रान मुळात किती जुने? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गुरांची अतिचराई आणि वणव्यांचे दमन यांमुळे जुनिपर अनेक ठिकाणी गवताळ व सेजब्रशच्या माळांवर पसरला, असे तेथील अभ्यास सांगतात. त्याच वेळी काही खडकाळ उतारांवरची झाडे कित्येक शतकांची आहेत. दोन्ही तुकडे दुरून सारखेच दिसतात. एकाला मूळ म्हणावे, दुसऱ्याला आगंतुक. नियोजन करणाऱ्याने खोडांची वलये, माती, खालचे गवत हे सर्व तपासल्याशिवाय कोणते रान परत आणायचे हे ठरवताच येत नाही. शिवाय ‘कोणासाठी’ हाही प्रश्न उरतो. ॲरिझोनातील ब्लॅक मेसा पठारावर नावाहो आणि होपी लोकांच्या भूमीत कायेंटा ही मोठी कोळसा खाण होती. ती २०१९ मध्ये बंद झाली. पिन्यनच्या बिया वेचणे आणि औषधी वनस्पती गोळा करणे हा त्या लोकांच्या जगण्याचा भाग आहे. गुरांसाठी चांगले गवत उगवले म्हणून कागदोपत्री यशस्वी ठरलेली जमीन त्यांच्या दृष्टीने अपुरीच राहू शकते.

संदर्भस्थळ म्हणजे देवाने आखून दिलेली रेषा नव्हे. ती माणसाने पुरावे पाहून घेतलेली भूमिका आहे. म्हणूनच ती खाण सुरू होण्याआधी, उघडपणे, लिहून ठेवली पाहिजे. खणून झाल्यावर ज्याला त्याला आपल्या सोयीचे पूर्वरूप आठवते.

तुलना कशी करतात, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे तपशिलाने सांगण्याजोगे आहे, कारण फसवणूक बहुधा पद्धतीच्या निवडीतच दडलेली असते. संदर्भस्थळी आणि पुनरुज्जीवित जागी स्वैर पद्धतीने निवडलेल्या ठिकाणी ठराविक मापाच्या चौकटी टाकतात. प्रत्येक चौकटीत जमिनीचा किती भाग झाकला गेला आहे, किती प्रजाती आहेत, प्रत्येकीची किती रोपे आहेत, त्यांत वर्षायू किती, बहुवर्षायू किती आणि परकी किती, याची नोंद होते. समजा, संदर्भस्थळी आच्छादन ६० टक्के आहे आणि नव्या जागी ५८ टक्के. प्रमाण जवळजवळ ९७ टक्के. अहवालात यश लिहायला हरकत नाही. आता प्रजाती पाहा. समजा, संदर्भस्थळी ४२ आहेत, नव्या जागी ९ आणि दोन्हीकडे सामाईक ६. सोरेन्सन यांच्या साम्य निर्देशांकात सामाईक संख्येची दुप्पट करून तिला दोन्ही बेरजांनी भागतात: १२ भागिले ५१, म्हणजे सुमारे ०.२४. तीच जमीन, तोच दिवस; एका मापाने ९७ टक्के आणि दुसऱ्या मापाने २४ टक्के. कोणता आकडा छापायचा हे ठरवणारा जर खाणचालकाने नेमलेला सल्लागार असेल, तर निष्कर्षाचे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही.

आणि हे मोजमाप केव्हा करायचे? येथे भारतीय व्यवस्थेत एक अशी उणीव आहे की तिच्याकडे लक्ष वेधले की प्रथम विश्वास बसत नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनासाठी हवा, पाणी, माती, वनस्पती व प्राणी यांची आधारभूत माहिती सामान्यतः एका ऋतूची मागितली जाते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून इतर कोणताही असावा असे प्रमाणित अटी सांगतात. हवेतील धूळ मोजण्यासाठी या अटीला अर्थ आहे. पावसात धूळ बसते. पण तोच नियम वनस्पतींनाही लावला, की भारतातल्या सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वनस्पतिसमूहांपैकी एक कागदावरून आपोआप नाहीसा होतो.

तो समूह म्हणजे सह्याद्री आणि कोकणातले सडे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूरचा पश्चिम भाग, येथे जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांच्यावर माती बोटभर; मे महिन्यात काळा, तापलेला कातळ. जूनच्या सरींनंतर त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवे, कोकण दीपकाडीची पांढरी फुले, तेरड्याचे रंग आणि नाना जातींची गवते उगवतात. ग्लायफोक्लोआ या गवतांची अख्खी प्रजातीच द्वीपकल्पीय भारताबाहेर आढळत नाही, आणि तिच्या अनेक जाती अशा पठारांशी घट्ट बांधलेल्या आहेत. ऑक्टोबर सरतो तसा हा सोहळा मिटतो. डॉ. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री व कोकणातील खडकाळ पठारांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला आणि फटी, डबकी, मातीने भरलेले खळगे अशा लहान लहान अधिवासांत ही विविधता कशी वाटलेली असते ते मांडले. जागतिक वारसायादीत २०१२ पासून असलेले कास हे त्यातले एक प्रसिद्ध पठार. बाकीच्यांच्या वाट्याला सरकारी दप्तरातला ‘पडीक’ हा शिक्का आला आहे. आणि याच जांभ्याच्या थरांत बॉक्साइट असते, लोहखनिज असते. कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइटसाठी, रेडीला लोहखनिजासाठी, गोव्यात तर तालुकेच्या तालुके खणले गेले. मार्चमधल्या पाहणीत अशा सड्यावर ‘उल्लेखनीय वनस्पती नाहीत’ असे लिहिणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते. त्याला चुकीच्या महिन्यात पाठवलेले असते.

मग अशा जागी खाण संपल्यावर काय लावले जाते? गोव्यातील टाकाऊ मातीच्या ढिगांवर बहुधा ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि काजू. दोन्ही लवकर वाढतात, माती धरतात, छायाचित्रात छान दिसतात. ऑस्ट्रेलियन बाभळीखाली कुजायला वेळ घेणाऱ्या पानांचा जाड थर साचतो आणि उन्हाची भुकेली गवते त्याखाली डोके वर काढू शकत नाहीत. कुद्रेमुखचा अनुभवही वाचण्यासारखा आहे. तेथील लोहखनिजाची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली. तो प्रदेश शोला वने आणि गवताळ डोंगरमाथे यांच्या जुन्या जोडणीचा. खाणीच्या काळात त्या गवताळ उतारांवर परदेशी झाडांची लागवड झाली, जणू गवत ही वनाची अपुरी राहिलेली अवस्था होती आणि ती कोणीतरी पूर्ण करायला हवी होती.

गवताविषयीचा हा गैरसमज किती महाग पडतो, याचे मोजमाप आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये केले. सहा खंडांतील ३१ अभ्यास एकत्र करून त्यांनी प्राचीन गवताळ प्रदेश आणि नांगरणी, लागवड वा खाणकामासारख्या आघातांनंतर पुन्हा उगवलेले गवताळ प्रदेश यांची तुलना केली. दुसऱ्या प्रकारात वनस्पतींच्या प्रजाती सरासरी ३७ टक्क्यांनी कमी निघाल्या. मूळ प्रजातिसंख्या परत येण्यास किमान एक शतक, आणि बहुधा सहस्रके लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. कारण या वनस्पतींचे भांडवल जमिनीखाली असते: कंद, खोडगाठी, खोल मुळे. बिया फार लांब जात नाहीत आणि मातीतल्या बीजपेढीत सगळ्या जाती साठत नाहीत. जमीन खरवडली की मुद्दलच जाते.

पुनरुज्जीवनाचे काम करणारे अभियंते आणि वनाधिकारी यावर एक रोकडा आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तीव्र उतारावर भुसभुशीत टाकाऊ माती उभी आहे, पहिल्याच पावसात ती खालच्या भातखाचरांत आणि ओढ्यांत जाणार आहे. अशा वेळी गेंद आणि दीपकाडीची चर्चा म्हणजे घर जळत असताना पडद्यांचा रंग निवडणे होय. आधी जे उगवेल ते उगवू द्या. नागपूरजवळच्या गुमगाव येथील मँगनीज खाणीत नीरीच्या शास्त्रज्ञांनी असेच एक कठीण काम करून दाखवले. जेथे सेंद्रिय अंश जवळजवळ शून्य होता, तेथे साखर कारखान्याची मळी, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून त्यांनी झाडे जगवली. निर्जीव ढिगाला मातीचे गुण देणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्या कामाकडे नाक मुरडणाऱ्याने आधी एखाद्या ढिगावर एक रोप जगवून पाहावे.

पण ‘जे उगवेल ते’ या धोरणाचा शेवट कोठे होतो, हे पाहायला नागपूरहून दूर जावे लागत नाही. चंद्रपूर परिसरातील लोक कोळसा खाणींच्या ढिगांना ‘ओबीचे डोंगर’ म्हणतात. कित्येक ढिगांवर वेड्या बाभळीचे दाट रान माजले. उपग्रहाच्या चित्रात तेही हिरवे. दुर्गापूर खाण आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात या झाडोऱ्यात वाघ-बिबटे मुक्कामाला आले, शेजारी कामगारांच्या वसाहती, आणि २०२२ मध्ये तेथे माणसे मारली गेली. ज्या हिरवाईत चितळाला चरायला गवत नाही आणि माणसाला पलीकडचे दिसत नाही, तिची टक्केवारी मात्र आच्छादनाच्या रकान्यात पूर्ण गुणांनी भरली जाते. उतार धरून ठेवणे ही पहिली पायरी आहे याविषयी दुमत नाही. पहिल्या पायरीवरच काम संपल्याचा दाखला देणे, यालाच आक्षेप आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारला असा आदेश दिला की खाणपट्ट्याच्या अटींतच, काम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करण्याची जबाबदारी घातली जावी. न्यायालयाने झाड न म्हणता गवत म्हटले, ही बाब पुरेशी चर्चिली गेली नाही. पण कोणते गवत? नेपियरसारखे चाऱ्याचे लागवडी गवत पेरूनही या आदेशाचे अक्षर पाळता येते. संडूरच्या माथ्यावर कुसळी आणि तिच्यासोबतच्या जाती होत्या की आणखी काही, हे शेजारच्या न खणलेल्या माथ्यावर जाऊन मोजल्याशिवाय आदेशाचा आशय पाळला गेला की नाही हे कोण सांगणार?

त्यासाठी लागणारी सामग्री अगदी किरकोळ आहे: दोरी, खुंट्या, वही आणि गवत ओळखणारा माणूस. यातला शेवटचा मात्र दुर्मीळ होत चालला आहे. फुलोऱ्याविना गवताची जात ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत. धनगर आणि कुरुब मेंढपाळांना ती ओळख आहे, पण त्यांना सर्वेक्षणात मजूर म्हणूनही बोलावले जात नाही. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र आहे, गवताळ परिसंस्थांवर काम करणारे संशोधक आहेत. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची वनस्पतिशास्त्राची परंपरा आहे. खाणींच्या आराखड्यांना मंजुरी देणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. ही माणसे एकाच टेबलाशी बसल्याची उदाहरणे विरळ.

काय करता येईल हे फार गूढ नाही. प्रत्येक मोठ्या पट्ट्यासोबत, त्याच्या हद्दीबाहेर पण त्याच खडकावर आणि त्याच उतारावर, एक संदर्भस्थळ नकाशावर कायमचे आखावे. त्याची पहिली नोंद दोन पावसाळ्यांची असावी. ही नोंद खाणचालकाच्या सल्लागाराऐवजी विद्यापीठाने करावी आणि ती सर्वांना पाहता यावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी त्याच चौकटींकडे परत जाण्याचे काम द्यावे, म्हणजे एक पिढीभर चालणारा अभ्यास आपोआप उभा राहील. वरची माती साठवून न ठेवता शक्यतो त्याच हंगामात नव्या उतारावर पसरावी, कारण साठवलेल्या मातीतल्या बिया आणि कंद फार काळ तग धरत नाहीत. आर्थिक हमीची रक्कम सोडताना आच्छादनासोबत प्रजातिसाम्यही तपासावे. आणि ज्या सड्याचे संदर्भस्थळ सापडतच नाही, कारण तसा दुसरा सडा उरलेलाच नाही, तेथे उत्खननाला नकार द्यावा. हा शेवटचा मुद्दा उद्योगजगताला कडवट वाटेल. परंतु तुलना करायला जोडीदार नसणे, हीच त्या जागेच्या एकमेवतेची साक्ष असते.

संदर्भस्थळ स्वतःच झिजलेले असेल तर काय, ही शंका उरते. संडूरभोवतीच्या टेकड्यांवर चराई आहे, वणवे आहेत, घाणेरी पसरली आहे. जुनिपरच्या रानाने घातलेला पेच येथेही आहे. अशा वेळी एका जागेऐवजी तीन-चार जागा निवडून त्यांचा पल्ला पाहणे, गावातील वृद्धांच्या आठवणी आणि जुन्या वनस्पतिसंग्रहांतील नमुने यांची त्याला जोड देणे, एवढे करता येते. उत्तर एका आकड्यात येणार नाही, आकड्यांच्या एका पट्ट्यात येईल. अहवाल लिहिणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल, इतकेच.

२०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने, कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठी असलेल्या जुन्या पट्ट्यांची मुदत किमान ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. त्या तारखेनंतर यांतल्या काही खाणी बंद होतील, काहींचा पुन्हा लिलाव होईल, आणि प्रत्येकीसाठी अंतिम आराखडा कोणीतरी लिहील. दोन पावसाळ्यांची नोंद करायची, तर तिची सुरुवात एखाद्या जून महिन्यात, संडूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या न खणलेल्या माथ्यावर पहिली खुंटी ठोकून करावी लागेल.